आठ सेंटिमीटरांची साक्ष

१

विचियनचं दहन होऊन तीन आठवडे लोटले, अस्थी विहाराच्या भिंतीत बसवून झाल्या, आणि मग त्याचा खून झाल्याचं उघडकीला आलं.

तोवर सगळं रीतसर पार पडलं होतं, शवपेटीपुढे त्याचा दाट केसांचा रुबाबदार फोटोही लागला होता. महाचायच्या फिश सॉसच्या कारखान्याचा हा अर्धा मालक. वर्षभर खंगत गेला आणि एका सकाळी उठलाच नाही. इस्पितळातल्या डॉक्टरनं हृदय बंद पडल्याचं लिहून दिलं. फक्त त्याचा सावत्र भाऊ थावोन प्रेताच्या हातावर पाणी घालायला आला तो थयथयाट करतच. "त्या स्वैपाकिणीनं घातलंय काहीतरी खायला! लिहून घ्या माझं!" त्याच्या समाधानासाठी डॉक्टरनं प्रेताच्या मानेमागचे चिमूटभर केस कापून पाकिटात घातले. पोलिसांनी ते पाकीट विषशास्त्र संस्थेकडे धाडलं आणि सगळे ते विसरून गेले.

आता संस्थेचा अहवाल आला होता, आणि केसांत सोमल सापडला होता.

"आचान, हे बघा," इन्स्पेक्टर बंचा म्हणाला. नोंथाबुरीतल्या एका गल्लीच्या टोकाला, सगळे जिला आचान म्हणजे गुरू म्हणत, त्या रविवानचं छोटंसं घर होतं. तिच्या पडवीत घाम पुसत बसून त्यानं कागद पुढे केला. "आठ सेंटिमीटर केस. महिन्याला सेंटिमीटरभर केस वाढतो म्हणतात. म्हणजे आठ महिन्यांची कुंडलीच की! अगदी टोकाला विष नाही. मग चढायला लागलंय. आणि कधी? तर ही स्वैपाकीण बुआलोय त्याच्याकडे कामाला लागली तेव्हा. मध्येच इथं खाच पडलीय बघा. तेव्हा सोंगक्रानची, नव्या वर्षाची सुट्टी होती, बया सुरिनला माहेरी जाऊन बसली होती. परत आली, विष परत चढलं. आता केसच बोलायला लागल्यावर मी काय वेगळं बोलणार?"

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

"कोर्टाला आकडा पाहिजे. किती विष, किती वेळा, कशातून. असलं गणित मांडणारं देशात दुसरं कोण आहे? बाईला जन्मठेप होईल, कदाचित देहदंडही. म्हणून म्हटलं, तुमचा शिक्का असावा."

रविवाननं कागद हातात घेतला. तिनं आलेखावर नजर टाकली. एखादा चेहरा ओळखीचा वाटावा आणि नाव आठवू नये, तसं तिला झालं. तिनं चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

ही रेघ तिनं आधी कुठेतरी पाहिली होती.

२

रविवानचं सगळं आयुष्य अशा रेघांत गेलं होतं. अंगात शिरलेलं विष शरीरात कुठे जातं, किती मुरतं, कधी बाहेर पडतं, याचं गणित ती चाळीस वर्षं मांडत आली होती. तिच्या हिशेबात माणूस म्हणजे काही टाक्या आणि त्यांना जोडणारे नळ. यकृताची एक टाकी, मूत्रपिंडांची एक, चरबीची एक, आणि सगळीकडून खेळणारं रक्त. इकडून शेतावरची फवारणी घाला, कारखान्याचा धूर घाला, विहिरीचं पाणी घाला. तिकडून उत्तर येतं. उलटंही करता येतं. रक्त, नखं नाहीतर केस आणून द्या, आत काय आणि कधी गेलं ते ती सांगे. तिच्या आकड्यांवर कायदे बदलले होते, दोन कारखाने बंद पडले होते. टाक्यांच्या ह्या माणसाला भूक लागत नसे, तो रुसत नसे, सोडूनही जात नसे. लग्न राहून गेलं, भावंडं पांगली. आता निवृत्त झाल्यावर घरात पंख्याचा आवाज आणि ती, एवढाच संसार उरला होता.

नाही म्हणायला रविवारी ओराथाय यायची.

ओराथाय तिची शेवटची विद्यार्थिनी. संस्थेत केसांची प्रयोगशाळा आता तीच सांभाळत होती. गेली सात वर्षं एकही रविवार तिनं चुकवला नव्हता. येताना खनोम क्रोकचा गरम डबा आणायची. नारळाच्या दुधाचे हे आप्पे सगळा देश खातो, पण ओराथाय पिठात फिश सॉसचे दोन थेंब टाकायची. तसं करणारं दुसरं माणूस रविवानला कुठे भेटलं नव्हतं. दोघी आप्पे खात आणि रेघांवर बोलत. दुसरं काही बोलायचं असतं, हे रविवानला कधी सुचलंच नाही.

त्या रविवारी ओराथायनं टेबलावरचा कागद पाहिला आणि डबा उघडता उघडता थांबली.

"हे तुमच्याकडे कशाला आणलं त्यांनी?"

"कोर्टाला आकडा पाहिजे म्हणे. तपासणी तूच केलीस ना?"

"हो. साधी आहे हो केस. तुम्ही कशाला ह्या उन्हात दगदग करता? गुडघे बघा आधी आपले. मी मांडते आकडा, तुम्ही नुसती नजर टाका."

"गुडघ्यांनी गणित करत नाही मी."

ओराथाय हसली. "म्हातारपणी फार हट्टी झालात हं आचान." आणि तिनं सर्वांत खरपूस आप्पा तिच्या ताटलीत वाढला.

रविवानला बरं वाटलं. आपल्या गुडघ्यांची काळजी करणारं कोणीतरी आहे, या आनंदात ती खाचेबद्दल विचारायचंच विसरली.

३

बायकांच्या तुरुंगात काचेपलीकडे बुआलोय बसली होती. चाळिशीची, सावळी, हात कामानं रापलेले. काचेच्या दोन्ही बाजूंना फोन होते.

रविवाननं यादीच काढली होती. पाणी कुठलं प्यायचे? भात कशात शिजायचा? औषधी काढे कोण आणायचं? बुआलोय निमूट उत्तरं देत होती. पाणी बाटलीतलं. दोघं एकाच भांड्यातलं जेवायचे.

"तूही तेच खायचीस?"

"मालक एकटे जेवायचे नाहीत. म्हणायचे, समोर बस, नाहीतर घास उतरत नाही. अर्धं आयुष्य एकट्यानं जेवलो, आता पुरे." बुआलोय रडू लागली. "तुम्ही सगळे काय खाल्लं, काय प्यालं एवढंच विचारता. माणूस कसा होता ते विचारत नाही कोणी."

रविवानचं पेन थबकलं. असला प्रश्न तिच्या यादीत नव्हता.

"कसा होता?" तिनं अवघडून विचारलं.

"लाजाळू. आणि आरशाचा भारी शौकीन!" रडता रडता बुआलोयला हसू आलं. "आजारी होते तरी कोणी येणार म्हटलं की मला हाका. तोंड ठीक कर, टोपी दे. टोपी मीच विणली होती, निळी. पोलिसांनी नेली ती. मला मिळेल का हो? दुसरं काही नको मला, कारखान्यातला वाटासुद्धा नको. त्यांनी तो माझ्या नावावर का केला ते त्यांनाच ठाऊक."

वेळ संपल्याची घंटा झाली. बुआलोय फोन घट्ट धरून म्हणाली, "मी नाही मारलं त्यांना. माझं कोण ऐकणार?"

बाहेर बंचा वाट पाहत होता. "रडली ना? मला वाटलंच. पण एक मासलेवाईक गोष्ट सांगतो. मालकाच्या मेजावर काय सापडलं? भुवया कोरायची पेन्सिल! आता पुरुषाच्या मेजावर ती कशाला? बाईचा मुक्काम कुठवर होता ते कळलं ना?"

"टोपी, पेन्सिल जपून ठेवलंयस?"

"ठेवलंय. का?"

"माहीत नाही," रविवान म्हणाली, आणि ते खरंच होतं. महाचायच्या उकाड्यात लोकरीची टोपी घालणारा माणूस तिच्या एकाही टाकीत बसत नव्हता.

४

सकाळी भिक्षेला येणाऱ्या भिक्खूंना रविवान भात वाढायची. आई गेल्यापासूनचा नेम. अनवाणी, पात्र धरून ते रांगेनं येत. त्यांतला शेवटचा नवशिका होता, नुकतीच दीक्षा घेतलेला. भुवया उतरवल्यामुळे त्याचा चेहरा कायम चकित झाल्यासारखा दिसे. त्याच्याकडे बघून तिला नेहमी हसू यायचं.

आज तिचा पळा हवेतच राहिला.

डोक्यावर केस नाहीत. डोळ्यांवर भुवया नाहीत. असा माणूस विहारातून घरी परतला, आणि त्यातून आरशाचा शौकीन असला, तर त्याला दोनच वस्तू लागतील. एक टोपी आणि एक पेन्सिल.

आईबाप गेले की त्यांच्या पुण्यासाठी एका दिवसापुरते भिक्खू होणारे कितीतरी मुलगे तिनं पाहिले होते. तिनं बंचाला फोन लावला. "विचियनची आई कुठे असते?"

"असते नव्हे, होती. गेली ती, जुलैमध्ये. तिकडे दक्षिणेत, तिच्या गावी. का?"

"तिच्या चितेआधी मुलानं दीक्षा घेतली होती का, त्या विहारात विचार."

दुपारी बंचाचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजातली ऐट उतरली होती. आईच्या पुण्यासाठी विचियननं एक दिवसाची दीक्षा घेतली होती. डोकं, भुवया, सगळं सफाचट. विहारातल्या भिक्खूंनी फोटोसुद्धा पाठवला होता.

"जुलै ते नोव्हेंबर," रविवान म्हणाली. "चार महिने. चार सेंटिमीटर. बंचा, त्याच्या डोक्यावर आठ सेंटिमीटर केस होणारच कसे? शवपेटीपुढे लावलेला, तुझ्या फायलीतला तो रुबाबदार फोटो जुना होता, आपण सगळे त्यालाच भुललो. अहवालातले केस त्याचे नाहीतच."

"मग कोणाचे?"

रविवाननं फोन ठेवला आणि आलेख समोर ओढला. आता तिनं बुआलोय, सोंगक्रान, सुरिन सगळं बाजूला सारलं आणि नुसती रेघ पाहिली. आधी काही नाही. मग चढ. मग खाच. मग पुन्हा चढ. आणि एकाएकी तिला घमघमता चिकट भात आठवला, बांबूच्या टोपलीतला.

थोंगदी मावशी.

पस्तीस वर्षांपूर्वी, ईशान्येकडच्या एका खेड्यात नवी विहीर खणली होती आणि तिच्या पाण्यात सोमल होता. तरुण रविवान तिथं केस गोळा करायला गेली आणि थोंगदीच्या घरी पावसाळाभर राहिली. तिथं तिला कोणीतरी रोज "जेवलीस का लेकी?" म्हणून विचारायचं. मावशीच्या केसांत विहीर सुरू झाल्यापासून विष चढत गेलं होतं. मध्ये ती मुलीच्या बाळंतपणाला दुसऱ्या गावी गेली, तिथलं पाणी चांगलं होतं, तेवढ्यापुरती खाच पडली होती. पुढे निबंधात छापली गेली ती सगळ्या गावाची मिळून एक सरासरी रेघ. मावशीची स्वतःची रेघ कुठेच छापली नव्हती. ती फक्त रविवानला पाठ होती.

मावशीचे उरलेले केस अजून संस्थेच्या कोठारात होते. निदान असायला हवे होते.

५

कोठारातल्या डबीत मावशीच्या नावाचं पाकीट होतं. आत कागद होता, केस नव्हते.

कोठार सांभाळणारे प्रेमकाका कपाळाला हात लावून बसले. "किल्ल्या दोनच, बाई. एक संचालकसाहेबांकडे, एक ओराथाय मॅडमकडे. मलासुद्धा मागून घ्यावी लागते. उगीच माझ्यावर बालंट नको हं."

दोन किल्ल्या, दोन माणसं. संचालक थावोनबरोबर गोल्फ खेळतात हे सगळ्या संस्थेला ठाऊक होतं. रविवाननं तो धागा घट्ट धरला. संचालकच असणार. असायलाच हवेत. परतताना बसमध्ये ती हेच मनाशी घोळवत होती, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिला उत्तर आधी ठरवून गणित मांडावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती महाचायला थावोनच्या घरी गेली. तो रविवार होता, पण ओराथाय येते ती अकराच्या पुढे. तोवर परत येऊ असा तिचा बेत होता. कारखाना शेजारीच. मासळी मुरल्याचा वास भिंतींत भिनलेला.

थावोन थकलेला, सुजलेल्या डोळ्यांचा गृहस्थ निघाला. खलनायक म्हणून तो काही शोभत नव्हता.

"विचियनच्या आईच्या मयताला गेला होतात तुम्ही?" तिनं विचारलं.

"त्या बाईच्या?" तो ताठ झाला. "ती वडिलांची दुसरी. माझ्या आईनं तिच्या नावानं आयुष्यभर अश्रू गाळले. त्या घरच्या मयताला आम्ही जात नाही. तेही आमच्या आईच्या वेळी आले नव्हते."

"म्हणजे तिथं काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही."

"ठाऊक करून घ्यायचंही नाही. विचियन माझा भाऊ होता हो. आम्ही एकाच टाकीत मासळी ढवळलीय लहानपणी. शेवटचं वर्षभर बोलत नव्हतो, आणि तो असा गेला. धडधाकट माणूस असा उगीच जातो का? त्या बाईनंच नेला." त्यानं डोळे पुसले. "बसा. उपाशी जाऊ नका. आमच्या कुंगच्या हातचं खा थोडं. मुलगी माझी. लग्न होऊन गेली, तरी रविवारी पहाटेच येते, बापासाठी करून ठेवते आणि एक डबा भरून कुणा म्हाताऱ्या बाईंकडे नेते. त्या बाईंना कोणी नाही म्हणे. आत्ताच गेली बघा, तुमची चुकामूक झाली."

त्यानं ताटली पुढे केली. खनोम क्रोक. अजून ऊन होते.

रविवाननं एक तोंडात घातला. नारळाच्या गोडव्यामागून फिश सॉसचा खारटपणा जिभेवर आला, आणि तिनं ताटली खाली ठेवली.

६

ती घरी पोचली तेव्हा ओराथाय पडवीत तिची वाट पाहत बसली होती. डबा मांडीवर.

"कुठे उंडारत होतात? मी घाबरले ना! फोनसुद्धा घरी ठेवून गेलात."

"महाचायला गेले होते," रविवान म्हणाली. "कुंग."

त्या घरगुती नावानं ओराथायचा चेहरा उतरला. सात वर्षांत रविवाननं तिला कधी त्या नावानं हाक मारली नव्हती. ते नाव तिला ठाऊकच नव्हतं. सासरचं आडनाव लावणाऱ्या ह्या पोरीचा बाप कोण, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

ती समोर बसली. आवाज शक्य तितका सपाट ठेवत, वर्गात सांगावं तसं तिनं सांगितलं. "विचियननं आईसाठी दीक्षा घेतली होती. मरणाच्या चार महिने आधी त्याच्या डोक्यावर केसच नव्हते. तुझ्या अहवालात आठ सेंटिमीटर आहेत. ज्याला दीक्षेचं ठाऊक होतं त्यानं ही चूक केली नसती. म्हणजे अदलाबदल करणारा त्या मयताला गेलेला नव्हता. ते केस थोंगदी मावशीचे. कोठारात जाऊ शकणारे दोघं. संचालक नाहीत, कारण मावशीच्या पाकिटात खाच असलेला केस आहे हे रेघ काढून बघणाऱ्यालाच कळेल, आणि त्यांनी वीस वर्षांत यंत्राला हात लावलेला नाही. उरलं कोण ते मला तुझ्या वडिलांच्या ताटलीत कळलं."

ओराथायनं नाकबूल केलं नाही.

"खरं पाकीट मी तपासलं होतं," ती हळूच म्हणाली. "केस आखूड होते, मला वाटलं डॉक्टरनं मुळापासून कापले नसतील. काही नव्हतं त्यात. काहीच नाही. बाबा रोज फोन करून रडायचे. माझा भाऊ मारला, तू एवढी शिकलीस, तुला सिद्ध करता येत नाही? मलाही वाटलं, तिनंच केलंय, आपल्याला सापडत नाही इतकंच. मी पुरावा बनवला नाही आचान, राहिलेली जागा भरली."

"जागा भरली," रविवान म्हणाली. "त्या जागेत एक बाई बसलीय, काचेमागे."

"पण कोणी मारल्याशिवाय माणूस असा खंगतो का?"

"खंगतो, पोरी. यकृत थकतं, हृदय थकतं, आई जाते. निळ्या टोपीला त्याचे केस चिकटलेले आहेत. बंचा ते उद्या दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवतोय, आणि तुला ठाऊक आहे तिथं काय सापडणार. त्याला कोणी मारलं नाही. उलट शेवटी त्याच्यासमोर बसून जेवणारं कोणीतरी होतं."

ओराथायनं एकदम तिचे हात धरले. "नमुना दूषित झाला होता म्हणा. एवढंच लिहा. ती सुटेल, आणि मी... मी येत जाईन. दर रविवारी येईन, तुमचं कोण आहे दुसरं?"

रविवानला ते शब्द लागले, कारण ते खरे होते. असं लिहिणं अगदी सोपं होतं. असे अहवाल दूषित होतातही. पण मग बुआलोय बाहेर आली असती ती विष घालून सुटलेली बाई म्हणून. बाजारात, विहारात, सुरिनच्या तिच्या गावात लोक तिच्या हातचं पाणी प्यायले नसते, मरेपर्यंत.

"तुला वाटलं कसं, मला कळणार नाही?" तिनं विचारलं.

ओराथाय तिचे हात न सोडता म्हणाली, "तुम्ही नुसती रेघ बघाल असं वाटलं होतं. मावशीची एकटीची रेघ कोण लक्षात ठेवतं? आणि तुम्ही माणसांची चौकशी करत नाही कधी. माझी तरी कुठे केलीत?"

रविवाननं हात सोडवून घेतले. डबा तसाच राहिला. त्या संध्याकाळी तिनं बंचाला बोलावून सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता, आणि तो गेल्यावर पंख्याखाली बसून हमसून हमसून रडली.

७

टोपीच्या लोकरीत अडकलेल्या केसांत सोमल नव्हता. बुआलोय सुटली. टोपी घेऊन ती सुरिनच्या बसमध्ये बसली. जाताना रविवानच्या घरी येऊन वाकून नमस्कार करून गेली. कारखान्यातला वाटा तिनं थावोनला देऊन टाकला. थावोननं तो घेताना मान वर केली नाही, असं बंचा सांगत होता.

पुढचा रविवार आला. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. रविवाननं दोन ताटल्या काढल्या होत्या, सवयीनं. त्यातली एक तिनं परत ठेवली. अंगातून विष उतरायला किती दिवस लागतात ते ती कोणालाही बोटावर मोजून सांगू शकली असती. माणूस आयुष्यातून उतरायला किती लागतात, त्याची टाकी तिच्याकडे नव्हती. त्यानंतरचे रविवारही तसेच गेले. पंखा फिरत राहिला.

मग एके दिवशी तिनं साचा विकत आणला. पीठ कालवलं, नारळाचं दूध काढलं. पहिली खेप करपली, दुसरी चिकटली. फिश सॉस किती घालायचा ते कळेना, कधी खारट ढोण, कधी अळणी. तरी त्यातल्या त्यात बरे डब्यात भरून ती बायकांच्या तुरुंगाशी जाऊन रांगेत उभी राहिली.

"घरचं खाणं आत चालत नाही, आजी," दारावरच्या शिपाईबाईनं डबा काढून घेतला.

तीच काच, तेच फोन. पलीकडे ओराथाय येऊन बसली. केस कापलेले, चेहरा लहान झालेला. ती रविवानकडे बघेना. फोनही उचलेना. रविवान आपला फोन कानाला लावून बसून राहिली. रांगेतली बाकीची माणसं भराभरा बोलत होती, मुलांचं, कोंबड्यांचं, शेजाऱ्यांच्या भांडणांचं. एवढं बोलायला माणसांकडे कुठून येतं, याचं तिला नवल वाटलं.

अखेर ओराथायनं फोन उचलला.

"काय विचारायला आलात? अजून काही राहिलंय का तपासाचं?"

"एक राहिलंय," रविवान म्हणाली. "घरी तुला कुंग का म्हणतात गं? कोळंबी कसली तुझ्यात?"

ओराथायनं वर पाहिलं. तिनं काचेला हात लावला. मग म्हणाली, "जन्मले तेव्हा मी एवढीशी होते, आणि अंग आखडून झोपायचे. आजोबा म्हणाले, ही तर टोपलीतली कोळंबी..."

ती सांगत गेली. टाक्यांवरच्या पाट्यांवरून पळायची ते, पहिल्यांदा शाळेत गेली ते, आणि विचियनकाकांनी तिला खांद्यावर बसवून खाडी दाखवली ते. तिथं ती थांबली, रडली, आणि पुन्हा सांगू लागली. रविवाननं मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. घंटा होईपर्यंत ती ऐकत बसली, आणि घंटा झाल्यावर फोन ठेवता ठेवता म्हणाली, "रविवारी येते. फिश सॉस किती घालायचा ते तेव्हा सांग."